तालुक्याच्या दवाखान्यात मॉर्फिन हवं: मागायचं कसं, कुणाकडे

पत्र: "आम्ही निपाणी तालुक्यातले. वडील 62 वर्षांचे, सगळी उमर तंबाखूच्या वखारीत गेली. गालाचा कॅन्सर झाला. मिरजेला ऑपरेशन झालं, लाईटही (रेडिएशन) दिली, पण आठ महिन्यांत गाठ परत आली. तिथल्या डॉक्टरांनी 'आता घरीच ठेवा, सेवा करा' म्हणून सांगितलं. नाकात नळी आहे, गालावर जखम आहे. ट्रॅमाडॉल चालू आहे तरी रात्रभर कण्हतात. गावातल्या डॉक्टरांनी मॉर्फिनचं नाव काढलं आणि लगेच म्हणाले, 'पण ते इथं मिळत नाही, त्याची भानगड फार.' भाऊ म्हणतो, सवय लागेल. आमच्या गल्लीतच असे आणखी दोघे आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात ही सोय व्हावी म्हणून कुणाला भेटायचं, काय लिहायचं?"

ताई,

तुमच्या पत्रात दोन कामं आहेत आणि ती दोन्ही आजपासून सुरू करायची आहेत. वडिलांचं दुखणं याच आठवड्यात आटोक्यात यायला हवं. तालुक्यातली सोय व्हायला महिने लागतील, पण तिचा पहिला अर्ज याच आठवड्यात जायला हवा. एक संपलं की दुसरं धरू असं ठरवलं, तर माणूस गेल्यावर घरात अर्ज लिहायचं बळ उरत नाही. म्हणूनच तर या मागण्या वर्षानुवर्षं कागदावर येत नाहीत.

आधी त्या 'भानगडी'चं बघू. अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा 1985 साली आला. त्यानंतर मॉर्फिन ठेवायचं तर दवाखान्याला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने काढावे लागत. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. कंटाळून दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं, आणि त्या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना मॉर्फिन कसं द्यायचं हे बघायलाच मिळालं नाही. 2014 साली संसदेने कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'आवश्यक अंमली औषधं' ठरली. त्यांचे नियम केंद्राने केले, ते सगळ्या राज्यांना एकच. आता दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून एकच मान्यता घ्यावी लागते. अशा दवाखान्याला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणतात. सरकारी माणसांच्या तोंडी 'आरएमआय' असतं. अट अशी की तिथला निदान एक डॉक्टर वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला हवा आणि औषधाचा साठा, नोंदी नीट ठेवायला हव्यात. भानगड म्हणतात ती एवढीच आहे. औषध महागही नाही, साधी गोळी काही रुपयांत येते. त्यासाठी लागणारी अफू आपल्याच देशात परवान्याने पिकते आणि नीमच व गाजीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. अडलंय ते प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आणि कुलूपबंद कपाट यांच्यापाशी. मागणी करताना हे डोक्यात पक्कं असू द्या.

आता वडिलांसाठी. तुमच्याकडून कोल्हापूर जवळ, मिरज आणि बेळगाव त्याहून लांब. हुबळीला नवनगरचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. गाडी काढायच्या आधी फोन करा, पहिला जिथं उपचार झाले तिथं. विचारायचं एवढंच: 'तोंडाने घ्यायची मॉर्फिनची 10 मिलिग्रॅमची साधी गोळी तुमच्याकडे मिळते का? पेशंटला आणावं लागेल का? कोणत्या दिवशी ओपीडी असते?' नुसतं 'मॉर्फिन आहे का' विचारलंत तर ऑपरेशन थिएटरातलं इंजेक्शन धरून 'आहे' म्हणतील आणि तुमची खेप वाया जाईल. पॅलियम इंडिया या संस्थेची 'साथ-साथ' हेल्पलाइन आहे, 1800-202-7777. जवळचं केंद्र कोणतं, हे तिथं विचारता येतं. टेलिमेडिसिनच्या 2020 च्या नियमांप्रमाणे फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टरला मॉर्फिन लिहून देता येत नाही, त्यामुळे पहिली भेट समोरासमोरच लागते. पुढच्या खेपांना बऱ्याच ठिकाणी घरचं माणूस वही घेऊन गेलं तरी चालतं.

सोबत न्यायचे कागद: बायॉप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी, वडिलांचं आणि नेणाऱ्याचं आधार कार्ड, आणि क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट. हा शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन अंगात साठत जातं, म्हणून डॉक्टर तो बघितल्याशिवाय मात्रा ठरवत नाहीत. मिरजेच्या डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावर 'रोग बरा करण्याचे उपचार संपले, वेदनाशमन चालू ठेवावे' अशी ओळही लिहून घ्या. हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटना ठेवून घेऊन सेवा करणाऱ्या जागी, दाखल करायची वेळ आली तर तीच ओळ मागतात.

कर्नाटक-महाराष्ट्र हद्द ओलांडून गोळ्या आणायला भिऊ नका. नियम केंद्राचा आहे. पेशंटच्या नावाची चिठ्ठी, दवाखान्याची पावती आणि गोळ्या एकाच पिशवीत ठेवा. दुसऱ्या पेशंटसाठी म्हणून त्यातली एकही गोळी देऊ नका, गल्लीतल्या त्या दोघांनासुद्धा नाही. त्यांची चिठ्ठी त्यांच्याच नावाची हवी.

डॉक्टरांसमोर 'फार दुखतंय' एवढंच सांगू नका. एक वही करा आणि दोन दिवसांची नोंद घेऊन जा. 0 म्हणजे दुखत नाही, 10 म्हणजे सोसवत नाही. ओळ अशी असावी: 'पहाटे 4, गालात ठणका, 8. गोळी दिली. 5 वाजता 5. झोप नाही.' शब्द आप्पांचेच, म्हणजे तुमच्या वडिलांचेच ठेवा, कारण ठणका वेगळा आणि चमक वेगळी. ठणका, दाब, ठसठस याला मॉर्फिन चांगलं लागू पडतं. आग होणं, मुंग्या, करंट बसल्यासारखी चमक, नुसता पदर लागला तरी कळ येणं, हे शिरेचं दुखणं. त्याला ॲमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखं औषध जोडीला लागतं. गालाच्या कॅन्सरमध्ये दोन्ही असतात आणि शिरेचं दुखणं सांगायचं राहून जातं. मग मॉर्फिन वाढवत नेलं तरी आराम पडत नाही. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर 'नोवु' म्हणजे दुखणं, 'उरि' म्हणजे आग, 'निद्दे इल्ला' म्हणजे झोप नाही; वहीच्या पहिल्या पानावर हे शब्द लिहून ठेवा.

ट्रॅमाडॉल दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या वर नेता येत नाही. त्यापुढे आराम वाढत नाही आणि फिट येण्याचा धोका वाढतो. मॉर्फिन सुरू झालं की ट्रॅमाडॉल बंद होतं. पॅरासिटामॉल मात्र बहुधा चालू राहतं. मॉर्फिनची सुरुवात साधारण 5 मिलिग्रॅमने, म्हणजे 10 च्या अर्ध्या गोळीने, दर 4 तासांनी होते. फार अशक्त किंवा वयस्कर माणसाला 2.5 ने. वेळा अशा ठरवतात: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, आणि रात्री 10 ला दुप्पट, म्हणजे रात्री 2 ला उठवावं लागत नाही. मधेच दुखणं उसळलं तर एक वेळची मात्रा जादा द्यायची आणि वहीत लिहायची. पुढची ठरलेली गोळी मात्र तिच्या वेळेलाच. जादा गोळ्या दिवसाला तीनपेक्षा जास्त लागत असतील तर डॉक्टर रोजची मात्रा वाढवतात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं: 'आत्ता बरं वाटतंय, गोळी कशाला' म्हणून सकाळी 10 वाजताची गोळी चुकवतात. एका साध्या गोळीचा असर साधारण 4 तास राहतो. दुखणं परत वर आल्यावर दिलेली गोळी लागू व्हायला अर्धा-पाऊण तास जातो, तेवढ्यात माणूस बेजार होतो आणि घरचे म्हणतात, 'मॉर्फिननेही काही होत नाही.' गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची, दुखण्याची वाट बघायची नाही.

वडिलांना नळी आहे म्हणून पुढचं नीट वाचा. साधी गोळी बारीक कुटून 10-15 मिली पाण्यात विरघळवून नळीतून देता येते, वरून 30 मिली पाणी सोडायचं. पण पाकिटावर 'एसआर' लिहिलं असेल तर ती गोळी कधीही कुटू नका. ती 12 तास हळूहळू सुटायची असते. कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं आणि श्वास मंदावू शकतो. दुकानदाराने किंवा दवाखान्याने बदली म्हणून एसआर दिली तर तिथंच 'नळी आहे' म्हणून सांगा. नळीतून काहीही देताना उशाला उंची द्या आणि नंतर अर्धा ते एक तास तसंच बसतं ठेवा, नाहीतर उलटून छातीत जातं.

मॉर्फिन चालू असेतो बद्धकोष्ठ राहणारच, त्याची अंगाला सवय होत नाही. म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं, पोट गच्च झाल्यावर नव्हे. बिसाकोडिलच्या गोळीवर आवरण असतं, ती कुटायची नाही, म्हणून नळीवाल्या माणसाला लॅक्ट्युलोजसारखं पातळ औषध लिहून घ्या. इसबगोल नको, पाणी कमी जातं तेव्हा ते आतच गोळा होऊन बसतं आणि नळीही तुंबवतं. तीन दिवस परसाकडे झालं नाही तर नर्सला सांगा. मळमळ आणि गुंगी पहिल्या काही दिवसांत येते आणि बहुतेकांची ओसरते. कित्येक रात्री जागलेला माणूस पहिले दोन दिवस नुसता झोपतो, त्याने घाबरू नका. हाक मारल्यावर जागा होतो ना, ते बघा. हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला 8 पेक्षा कमी मोजलात, किंवा हातपाय सारखे झटके देत असतील, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. फोन लागला नाही तर 108.

भावाला सांगा, दुखण्यासाठी घड्याळाप्रमाणे मोजून दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. मात्रा वाढते ती बहुधा रोग वाढतो म्हणून. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, म्हणून ते एकाएकी तोडायचं नाही; तोडलं तर घाम, जुलाब, तगमग आणि तेच दुखणं दुपटीने. आणि 'मॉर्फिन म्हणजे शेवट आला' हेही खरं नाही. दुखणं गेलं की माणूस झोपतो, चार शब्द बोलतो, अंगणात येऊन बसतो. गोळ्या किमान पाच दिवसांच्या शिल्लक असतानाच पुढची खेप करा. सुट्ट्या, संप, हद्दीवरचा बंद, यांत गोळ्या संपल्या की त्या घरात काय होतं ते लिहवत नाही.

जखमेबद्दल थोडक्यात. अर्धा लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून 20 मिनिटं उकळा, गार करा, त्यानेच धुवा. जुनी पट्टी कोरडी ओढू नका, आधी त्याच पाण्याने भिजवा, नाहीतर रक्त सुटतं. वासाला मेट्रोनिडॅझोलची गोळी अगदी बारीक पूड करून जखमेवर भुरभुरवतात, दोन-तीन दिवसांत फरक कळतो. किती आणि कधी ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. दिवसाही मच्छरदाणी लावा. अळ्या दिसल्याच तर रॉकेल, फिनेल काही ओतू नका, नर्स टर्पेंटाईनच्या बोळ्याने त्या बाहेर काढते. रक्त सुटलं तर स्वच्छ कापडाने 10-15 मिनिटं न उचलता दाबून धरा. कापड गडद रंगाचं ठेवा, म्हणजे आप्पा आणि घरचे घाबरत नाहीत. मानेजवळची जखम असेल तर जास्त रक्त गेल्यास काय करायचं, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

घरी झेपेनासं झालं तर हॉस्पिस आहेत. बेंगळुरूचं करुणाश्रय अशा कॅन्सरच्या पेशंटना विनामूल्य ठेवून घेतं. शांती अवेदना सदन हे मुंबईत 1986 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, त्यांचं गोव्यात लोटली इथंही केंद्र आहे. फोन न करता पेशंट घेऊन निघू नका, खाट मोकळी असावी लागते. योजनांची कार्डं जपून ठेवा, पण त्यांवर फार विसंबू नका. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक असो की महाराष्ट्र सरकारने 2023 साली सीमाभागातल्या 865 गावांसाठी जाहीर केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना असो, या दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. घरी चालणाऱ्या गोळ्या आणि मलमपट्टी यांचा खर्च त्यांत बसत नाही. या कामाची सोय तालुक्यातच उभी राहायला हवी असं आम्ही म्हणतो त्याचं हेही एक कारण.

आता दुसरं काम. पहिल्या अर्जात हॉस्पिसची इमारत मागू नका. गावोगावचे लोक तेच मागतात आणि तिथंच फसतात. इमारत म्हटली की जागा, निधी, टेंडर आणि पाच वर्षं. शिवाय बहुतेकांना शेवटचे दिवस घरीच काढायचे असतात. केरळात 1993 साली कोझिकोडला या वेदनाशमन सेवेची (पॅलिएटिव्ह केअरची) सुरुवात झाली ती एका ओपीडीपासून. पुढे मलप्पुरममध्ये गावकऱ्यांनीच महिन्याला थोडे थोडे पैसे घालून नर्स ठेवली, घरोघरी जायला गाडी केली. 2008 साली राज्याने धोरण केलं आणि पंचायती त्यात उतरल्या. कर्नाटकाचं स्वतःचं धोरण 2016 पासून आहे. केंद्राचा कार्यक्रम 2012 पासून आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रात, ज्या सेवा मिळायला हव्यात त्यांतही ही आहे. म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नाही, मंजूर झालेली गोष्ट तालुक्यात उतरवा म्हणता.

मागणी चारच ओळींची ठेवा. एक, निपाणीच्या सरकारी दवाखान्याने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून औषध नियंत्रकांकडे अर्ज करावा. दोन, त्यासाठी दोन डॉक्टर आणि दोन नर्सना प्रशिक्षण द्यावं. एक नव्हे, दोन. कारण पुढे सांगतो. तीन, आठवड्यातून एक दिवस ओपीडी आणि एक दिवस गाडीसह घरभेटी. चार, तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनचा साठा शून्यावर जाऊ नये. अर्ज दवाखान्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना, प्रती तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, म्हणजे टीएचओ आणि डीएचओंना. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. कन्नडमध्ये या सेवेला 'उपशामक आरैके' म्हणतात, अर्जाच्या विषयात तोच शब्द घाला.

अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत द्या. मराठी अर्ज मागे ठेवून घेतले जातात, उत्तर येत नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मराठीचा हक्क आपण सोडत नाही; ते भांडण भांडायच्या जागा वेगळ्या आहेत. या कामात आप्पांच्या वेळेला किंमत आहे. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून किंवा हायस्कूलच्या कन्नडच्या गुरुजींकडून लिहून घ्या, गावात सह्यांसाठी मराठी प्रत फिरवा. सह्या मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतून घ्या. गल्लीतल्या त्या दोघांच्या घरच्यांना सोबत घ्या. आशाताई आणि आरोग्य मंदिरातल्या सीएचओंना (सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांना) भेटून अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी करा: वय, आजार, गाव, दुखणं 10 पैकी किती. नावं आणि फोन घरच्यांच्या परवानगीने वेगळ्या कागदावर ठेवा, अर्जाला जोडू नका. 'तालुक्यात असे अनेक पेशंट आहेत' यावर काही हालत नाही. 'आमच्या पाच गावांत आज इतके जण 7 च्या वर दुखणं सोसत आहेत' यावर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. हाच आकडा घालून ग्रामसभेचा ठराव करून घ्या.

सोबत माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाका. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द एवढंच चालतं, फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. पहिला अर्ज राज्य औषध नियंत्रकांच्या कार्यालयाला: 'बेळगाव जिल्ह्यात मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मान्यता असलेल्या दवाखान्यांची यादी, मान्यतेच्या तारखांसह. निपाणी व चिकोडी तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांनी असा अर्ज केला असल्यास त्याची प्रत.' दुसरा डीएचओंना: 'राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्ह्याच्या आराखड्यात उपशामक सेवेसाठी मागील तीन वर्षांत मागितलेली, मिळालेली आणि खर्च झालेली रक्कम. या सेवेचं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टर व नर्सची दवाखानेवार संख्या.' 'मॉर्फिन का मिळत नाही?' असं विचारू नका. 'का' ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. कागदाची प्रत मात्र द्यावी लागते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. उत्तर 'निरंक' आलं तर निराश होऊ नका, तुमच्या हातात त्याहून चांगला कागद दुसरा नाही. मिळालेल्या निधीतला रुपयाही खर्च नाही आणि प्रशिक्षित डॉक्टर शून्य, हे सहीशिक्क्यानिशी लिहून आलेलं असतं.

तो कागद घेऊन आमदारांना भेटा, पण योग्य वेळी. तालुक्याची केडीपी (कर्नाटक विकास कार्यक्रम) आढावा बैठक आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते आणि टीएचओ तिथं उत्तर द्यायला बसलेले असतात. तिथं निघालेला विषय इतिवृत्तात येतो आणि पुढच्या बैठकीत 'काय झालं' म्हणून विचारला जातो. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरतं ते बहुधा डिसेंबरात. प्रश्न आमदारांच्या हातात महिनाभर आधी टाईप करून द्या. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार हा जागतिक हॉस्पिस व पॅलिएटिव्ह केअर दिन. त्या आठवड्यात डीएचओ आणि पत्रकार दोघांनाही भेटायला निमित्त मिळतं. राज्य सरकारच्या 1902 या तक्रार क्रमांकावर नोंद करून तिचा नंबर अर्जावर घाला. हे सगळं एकट्याने करू नका. तुम्ही आप्पांजवळ असणार आहात. धावपळीला भाऊ आणि गल्लीतलं तरुण माणूस, वही आणि फाइल तुमच्याकडे, अशी वाटणी करा. रात्री फार जड गेलं तर 14416 ही मानसिक आधाराची सरकारी लाइन काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे.

समजा मान्यता मिळाली. त्यानंतर काय बिघडतं ते आताच सांगतो, कारण बऱ्याच जागी गाडी तिथंच अडते. प्रशिक्षण घेतलेल्या एकुलत्या एका डॉक्टरची बदली होते आणि मान्यतेचं सर्टिफिकेट भिंतीवर राहतं. दोन डॉक्टर मागायचे ते यासाठी. दुसरं, दवाखान्याला दरवर्षी पुढच्या वर्षाच्या मॉर्फिनचा अंदाज कळवावा लागतो. पहिल्या वर्षी कुणाला माहीतच नसतं म्हणून खप शून्य, म्हणून अंदाज शून्य, म्हणून साठा शून्य. तुमची पाच गावांची यादी त्या अंदाजाआधी दवाखान्यात पोहोचायला हवी. हिशोब सोपा आहे: एका पेशंटला 5 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, त्यात रात्रीची दुप्पट, म्हणजे 30 मिलिग्रॅम, 10 च्या तीन गोळ्या. महिन्याला 90. मधल्या जादा गोळ्या आणि वाढती मात्रा धरून 150 लिहा. तिसरं, कपाटाची एक किल्ली फार्मासिस्टकडे आणि तो रजेवर. अर्जातच लिहा की किल्ली सांभाळणारं दुसरं माणूस लेखी नेमलेलं असावं. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुमच्यातल्या कुणीतरी दवाखान्यात जाऊन तोंडी विचारायचं, 'गोळ्या किती शिल्लक आहेत?' आकडा वहीत, तारखेसह.